जुनाट सूज आणि न विचारलेला प्रश्न

प्रोस्टेटच्या जुनाट दुखण्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं, आणि ज्यांना ते होतं ते त्याहून कमी बोलतात. म्हणून हा संवाद रचला आहे. यातले मामा धुळ्यात गेली कित्येक वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून दवाखाना चालवतात. भाचा जळगावात जीवरसायनशास्त्र शिकवतो. दोघे कुणा एका खऱ्या माणसावरून घेतलेले नाहीत, पण असे मामा आणि असे भाचे खानदेशात आहेत. त्यांचा वाद एका प्रश्नावर आहे: प्रोस्टेट दुखू लागलं की पुरुषाचं कामजीवन का बिघडतं? भाच्याचं उत्तर रसायनात आहे. मामांचं उत्तर समोरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसात आहे.

मामा : माझ्याकडे येईपर्यंत तो तीन-चार दवाखाने करून आलेला असतो. वय तिशी ते पन्नाशी. ओटीपोटात दुखतं, अंडकोशाच्या मागे शिवणीपाशी दुखतं, बसलं की वाढतं. लघवीला जळजळ होते, रात्री दोनदा-तीनदा उठावं लागतं. आधी त्याला वाटतं उन्हाळी लागली असेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, केळीच्या बागेत राबणारा माणूस पाणी कमी पितो, तेव्हा हा समज चुकीचाही नाही. मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा. मग मूतखड्यासाठी सोनोग्राफी. खडा निघत नाही. मग अँटिबायोटिकचा एक कोर्स, दुसरा कोर्स. हे सगळं सांगून झालं, उठून दाराकडे निघाला, की कडीला हात लावून तो खरी गोष्ट बोलतो : “डॉक्टरसाहेब, माले कमजोरी वाटस.” ही कमजोरी हातापायाची नसते.

भाचा : आणि तुम्ही त्याला सांगता, ‘सूज आहे, घाबरू नका.’ मामा, एवढ्याने त्याचं समाधान कसं होईल? त्याला कारण हवं असतं. कारण आहे आणि ते मोजता येतं.

मामा : कारण सांग. पण आधी हे कबूल कर की यातल्या बहुतेकांना जंतुसंसर्ग नसतो.

हा मुद्दा आधी स्पष्ट करायला हवा, कारण निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असलेली ही ग्रंथी तरुणपणी साधारण वीस ग्रॅमची असते. तिच्या दुखण्याचे चार प्रकार अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १९९५ च्या बैठकीत ठरवले गेले. पहिला प्रकार जंतूंमुळे अचानक होणारी सूज : थंडी वाजून ताप येतो, लघवी अडते, त्याच दिवशी इस्पितळ गाठावं लागतं. दुसरा जंतूंमुळेच, पण रेंगाळणारा. चौथ्यात तपासणीत सूज दिसते, त्रास मात्र काहीच नसतो. राहिला तिसरा, म्हणजे गेल्या सहा महिन्यांत किमान तीन महिने ओटीपोटाखाली दुखणं असूनही जंतू न सापडणं. जुनाट त्रास घेऊन येणाऱ्या दहांतले नऊ किंवा त्याहून जास्त पुरुष या तिसऱ्या प्रकारातले असतात. हा कर्करोग नव्हे. सुजेमुळे पीएसए, म्हणजे कर्करोगाच्या शंकेने रक्तात तपासतात तो घटक, वाढलेला दिसू शकतो आणि त्या आकड्याने घर हादरतं, म्हणून हे वेगळं सांगितलं.

भाचा : कबूल. जंतू नाहीत, तरी ग्रंथीत लढाई चालू आहे. पांढऱ्या पेशींचं शस्त्र म्हणजे सुपरऑक्साइड. प्राणवायूच्या रेणूला एक जास्तीचा इलेक्ट्रॉन चिकटला की तो अस्थिर होतो, शेजारच्या रेणूंवर तुटून पडतो. शरीराकडे याचा बंदोबस्त आहे. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे एन्झाइम मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये दाखवलं. त्याच्या जोडीला कॅटलेज आहे, ग्लुटाथायोन आहे. हल्ला आणि बंदोबस्त यांचा तोल गेला की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं. हेल्मुट सीस यांनी १९८५ मध्ये ही कल्पना नीट मांडली. रावेरचं केळं सोलून ठेवलं तर दहा मिनिटांत काळवंडतं. ऑक्सिजनचं तेच काम आत चालू आहे.

मामा : केळं काळं पडतं ते त्याच्या स्वतःच्या एन्झाइममुळे. त्यात पांढऱ्या पेशी नाहीत, सूज नाही, वेदनाही नाही. पेशंटला असं सांगू नकोस. आपण आतून सडतोय असं तो ऐकेल आणि रात्रभर झोपणार नाही.

भाचा : बरं, केळं मागे घेतो. मोजमाप तर ऐका. २००० साली क्लीव्हलँडच्या गटाने, त्यात अशोक अगरवाल होते, जुनाट प्रोस्टेटायटिस असलेल्या पुरुषांचं वीर्य तपासलं. ज्यांच्या वीर्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या नव्हत्या त्यांच्यातही हा तोल ढळलेला सापडला. त्याच वर्षी शाहेद आणि शॉस्किस यांनी ग्रंथी दाबून काढलेल्या स्रावात आयसोप्रोस्टेन जास्त असल्याचं दाखवलं. चरबीवर ऑक्सिडीकरणाचा मारा झाला की मागे राहणारी ती खूण आहे. म्हणजे ‘रिपोर्ट नॉर्मल, तुम्हाला काही झालेलं नाही’ असं ज्याला सांगितलं गेलं, त्याला काहीतरी झालेलं होतं.

मामा : हे मला आवडलं. तुझ्या सगळ्या बोलण्यातलं हे मी पेशंटला जरूर सांगेन. पण ताठरतेचं काय? सुपरऑक्साइड सेकंदाच्या छोट्याशा भागात संपून जातं. प्रोस्टेटमध्ये तयार झालेलं लिंगापर्यंत पोचणार कसं?

भाचा : सुपरऑक्साइड पोचत नाही. त्याचे परिणाम पोचतात. ताठरता सगळी नायट्रिक ऑक्साइडवर चालते. मज्जातंतूंची टोकं आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर तो वायू सोडतात, स्नायू सैल पडतात, रक्त भरतं. नायट्रिक ऑक्साइड शरीरात निरोप्याचं काम करतो, या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. सुपरऑक्साइडशी त्याची गाठ पडली की क्षणात त्याचं पेरॉक्सीनायट्राइट होतं. हे नवं संयुग अस्तराला इजा करतं, शिवाय कामाचा नायट्रिक ऑक्साइड तेवढा कमी होतो. ताठरतेचे मज्जातंतू प्रोस्टेटला अगदी खेटून जातात, हे वॉल्श आणि डोंकर यांनी १९८२ मध्ये दाखवलं. शिवाय शॉस्किस यांच्याच गटाने २०११ मध्ये अशा पुरुषांच्या रक्तवाहिन्या तपासल्या, त्या निरोगी पुरुषांपेक्षा ताठर आणि कमी प्रतिसाद देणाऱ्या निघाल्या.

मामा : किती जणांवर तपासलं?

भाचा : गट लहान होता.

मामा : मग आधी काय झालं? ताण वाढला म्हणून दुखलं, की दुखणारा माणूस झोपत नाही, तंबाखू वाढवतो, हिंडणं-फिरणं सोडतो आणि म्हणून ताण वाढला? एकदाच घेतलेल्या नमुन्यातून हे कळत नाही. आणि धुळ्यातल्या कुठल्या लॅबमध्ये मी आयसोप्रोस्टेन तपासायला पाठवू? पाठवलं तरी अमुक आकड्यापुढे आजार असं अजून ठरलेलं नाही.

इथे माझा कौल मामांकडे आहे, पण अर्धाच. आकडा ठरलेला नाही म्हणून गोष्ट खोटी होत नाही. आणि भाच्याच्या रसायनाचा एक उपयोग मामांना जेवढा दिसतो त्याहून मोठा आहे, तो धातूच्या भीतीसंबंधी.

नरेंद्रनाथ विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी १९६० मध्ये एका दुखण्याला धात सिंड्रोम असं नाव दिलं. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब होतो, तो वाया गेला की शक्ती गेली, ही समजूत उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सापडते, खानदेशातही आहे. शौचाला जोर केल्यावर दोन पांढरट थेंब आले की तरुण मुलगा महिनाभर खात-पीत नाही. ते थेंब बहुतेक वेळा प्रोस्टेटचाच स्राव असतो. वीर्याचा साधारण पाव हिस्सा ही ग्रंथी तयार करते, बराचसा भाग वीर्यकोशांतून येतो. त्यात जस्त आणि सायट्रेट भरपूर असतं. रक्त आटवून काही बनत नाही. बाहेर पडलेलं पुन्हा तयार होतं.

भाचा : म्हणूनच मी रसायन सांगा म्हणतो. पाप, हस्तमैथुन, लहानपणीची चूक, या सगळ्यातून माणूस सुटतो. सूज आहे, तिचं रसायन आहे, ते कुणालाही होऊ शकतं.

मामा : आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस जळगाव स्टेशनजवळच्या दुकानातून अँटिऑक्सिडंटचा तीन हजारांचा डबा घेऊन येतो. पूर्वी धातुपुष्टीचं चूर्ण होतं, आता कॅप्सूल आहे. भीती तीच, धंदाही तोच. कामदुर्बलतेवर हमखास इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. तरी एसटीने पारोळा-एरंडोल मार्गे जळगावला येताना भिंतींवर काय काय रंगवलेलं असतं ते तू बघतोसच. वर त्या ‘शुद्ध वनस्पती’च्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांमध्ये चक्क सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध मिसळलेलं सापडलेलं आहे, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असे इशारे कितीतरी वेळा दिले आहेत. छातीत दुखतं म्हणून नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ती पुडी खाल्ली तर रक्तदाब एकदम कोसळतो. माणूस जाऊ शकतो.

भाचा : त्या पुड्यांचं समर्थन मी करत नाही. पण क्वेर्सेटिन या वनस्पतींतल्या अँटिऑक्सिडंटचं काय? १९९९ मध्ये शॉस्किस यांनी तीस पुरुषांवर प्रयोग केला. अर्ध्यांना पाचशे मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, अर्ध्यांना बिनऔषधाची गोळी, महिनाभर. औषधवाल्यांत ६७ टक्के जणांना किमान पाव हिस्सा आराम पडला. दुसऱ्या गटात २० टक्क्यांना. फुलांच्या परागकणांचा अर्क घेऊन २००९ मध्ये वागेनलेनर यांनी जर्मनीत १३९ पुरुषांवर बारा आठवडे प्रयोग केला, त्यातही दुखणं कमी झालं.

मामा : क्वेर्सेटिन कांद्यात असतं ना? मग आपल्या साक्री-धुळ्याच्या कांद्यानेच काम होईल.

भाचा : होणार नाही. शंभर ग्रॅम लाल कांद्यात ते तीस-चाळीस मिलिग्रॅम. प्रयोगातला डोस गाठायला रोज अडीच-तीन किलो कांदा खावा लागेल. आहार म्हणून कांदा चांगला, पण त्याला औषध म्हणू नये.

मामा : हेच पेशंटलाही सांग, कारण तो विचारतोच. आता माझे आकडे ऐक. सिलेक्ट नावाच्या अमेरिकी अभ्यासात पस्तीस हजारांहून जास्त पुरुषांवर सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व तपासलं. प्रोस्टेटचा कर्करोग टळेल अशी आशा होती. २०११ ला निकाल आला : नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या पुरुषांवर २०२० मध्ये मॉक्सी हा अभ्यास झाला. अँटिऑक्सिडंटच्या मिश्रणाने शुक्राणू सुधारले नाहीत, गर्भधारणाही वाढली नाही. ऑक्सिडीकरण वाईट, म्हणून त्याच्या विरोधातली गोळी चांगली, हा हिशेब सरळ दिसतो, पण शरीर तो मानत नाही. याच रेणूंनी पांढऱ्या पेशी जंतू मारतात. ते सगळे पुसून टाकायचे का?

भाचा : ते अभ्यास सरसकट सगळ्यांवर झाले. ज्याचा तोल ढळलाय त्यालाच द्या, मग बघू.

मामा : आणि कुणाचा ढळलाय हे ओळखायची तपासणी नाही, हे आपण आत्ताच बोललो.

यावर भाचा थोडा वेळ गप्प होता. मग त्याने मामांच्याच अंगणात चेंडू टाकला.

भाचा : बरं. आता तुमच्या बाजूचं बोलू. जंतू नसताना सिप्रोफ्लॉक्सासिनचे चार-चार कोर्स कोण देतं? २००४ मध्ये १९६ पुरुषांवर सहा आठवड्यांचा प्रयोग झाला. सिप्रो, लघवीची वाट सैल करणारं टॅमसुलोसिन, दोन्ही मिळून, आणि बिनऔषधाची गोळी. निकालात म्हणावा असा काही फरक नव्हता. या जातीच्या अँटिबायोटिकमुळे स्नायुबंध तुटू शकतात, मज्जातंतूंना इजा होऊ शकते, असे इशारे आहेत. आणि २०१३ मध्ये कॉलिन्स यांच्या गटाने दाखवलं की जंतू मारणारी ही अँटिबायोटिक्स आपल्याच पेशींच्या मायटोकॉन्ड्रियांत ऑक्सिडेटिव्ह मारा वाढवतात. म्हणजे तुमच्या व्यवसायातले लोक या आजारावर तोच ताण वाढवणारी गोळी लिहितायत.

मामा : हे खरं आहे. एकदा नीट बघून कोर्स देणं समजू शकतो. ग्रंथी दाबण्याआधीची लघवी आणि नंतरची लघवी, दोन्हींचं कल्चर करायचं. मीअर्स आणि स्टॅमी यांनी १९६८ मध्ये चार नमुन्यांची पद्धत आणली होती, निकेल यांनी ती दोन नमुन्यांवर सोपी केली. हे आपल्या तालुक्याच्या गावातही करता येतं, फक्त दोन बाटल्या लागतात. ते न करता ‘अजून एक स्ट्राँग कोर्स’ लिहिणं मला मान्य नाही. प्रश्न एवढाच की पेशंटला चिठ्ठीवर काहीतरी लिहिलेलं हवं असतं, आणि रांगेत चाळीस जण असतात. धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत एका पेशंटला किती वेळ मिळणार? जळगावचं कॉलेज २०१८ ला सुरू झालं, त्यामुळे थोडा भार वाटला गेला इतकंच.

भाचा : मग तुमचं कारण काय? नुसतं मन?

मामा : ‘नुसतं’ म्हणू नकोस. हा माणूस दुखण्याला घाबरतो. वीर्यपतनाच्या वेळी किंवा नंतर तासभर दुखतं, म्हणून तो जवळ जायचंच टाळतो. टाळता टाळता एखाद्या रात्री प्रयत्न करतो, तेव्हा लक्ष बायकोकडे नसतं, आता दुखेल का, आता जाईल का, याकडे असतं. भीतीने ॲड्रेनालिन वाढतं, आणि ॲड्रेनालिन ताठरता मोडतं, यात काही गूढ नाही. नाहीतर घाईने सगळं उरकतं. २०१६ मध्ये बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून बघितली गेली, तेव्हा अशा पुरुषांत तीस टक्क्यांच्या आसपास ताठरतेची तक्रार आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास शीघ्रपतन निघालं. म्हणजे शीघ्रपतनच जास्त. तुझ्या नायट्रिक ऑक्साइडने त्याचा उलगडा होतो?

भाचा : पूर्ण नाही.

मामा : आणि तिसरी गोष्ट स्नायूंची. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची झोळी असते. दुखण्याने ती सतत आवळलेली राहते, माणसाला पत्ताही नसतो. २००८ मध्ये शॉस्किस यांनीच, म्हणजे तुझ्या क्वेर्सेटिनवाल्यांनीच, तपासलं तर निम्म्या पुरुषांत हे स्नायू दाबल्यावर दुखत होते. निरोगी माणसांत शंभरात सात. अशा माणसाला प्रोस्टेटच्या गोळ्या देऊन काय होणार? त्याला फिजिओथेरपिस्टकडे पाठवावं, आवळलेलं सोडायला शिकवावं. केगेलचा व्यायाम मोबाइलवर बघून तो स्नायू आणखी आवळतो आणि दुखणं वाढवून घेतो. त्याला उलटं शिकायचं असतं, श्वास पोटात घेऊन खाली सैल सोडायचं.

स्नायूंचा मुद्दा मला या सगळ्या वादात सर्वांत मोलाचा वाटतो, कारण खानदेशात तो जवळपास कुणाला माहीत नाही. आग्रा रोडवर ट्रक चालवणारा माणूस बारा-बारा तास त्याच झोळीवर बसतो, लघवी दाबून धरतो. त्याचं दुखणं बसल्याने सुरू झालं असं कुणी म्हणणार नाही, पण बसल्याने वाढतं हे तो स्वतः सांगतो. त्याला कुणी ‘अर्ध्या तासाने गाडी थांबव’ सांगत नाही, ‘शक्तीचं चूर्ण घे’ सांगतात.

भाचा : पण मामा, तुमचा माणूस आणि माझं रसायन वेगळे कुठे आहेत? तो तंबाखू मळतो. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो त्याच्या खिशात असतो. विडी आहे. साखर वाढलेली आहे आणि त्याला माहीत नाही. या प्रत्येकाने रक्तवाहिन्यांच्या अस्तरात सुपरऑक्साइड वाढतं, हे तर पक्कं आहे. लिंगाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक. आधी त्या कुरकुरतात. ताठरतेची तक्रार बऱ्याचदा हृदयविकाराच्या तीन-चार वर्षं आधी येते. तुम्ही त्याला फक्त धीर दिला आणि साखर तपासली नाही, तर तुमचा धीर त्याला महागात पडेल.

मामा : साखर, रक्तदाब, कंबरेचा घेर मी तपासतोच. आणि एक गोष्ट विचारतो : पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का? असेल तर वाहिन्या आणि नसा बऱ्यापैकी ठीक आहेत, बिघाड भीतीकडे आणि दुखण्याकडे जास्त. नसेल तर तुझ्या रसायनाकडे बघायचं.

भाचा : म्हणजे माझ्या रसायनाला जागा दिलीत.

मामा : जागा होतीच. गोळीला नव्हती. इटलीत २००७ मध्ये औषधांनी बरं न वाटलेल्या, बसून काम करणाऱ्या पुरुषांना अठरा आठवडे भरभर चालायला लावलं. नुसते ताणाचे सौम्य व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांचं दुखणं जास्त कमी झालं. चालण्याने शरीराचा स्वतःचा बंदोबस्त वाढतो, हे तूच मला शिकवलंस. पांझरेच्या काठाने रोज पाऊण तास चाल, तंबाखू सोड, हे मी चिठ्ठीवर पहिल्या ओळीत लिहितो. पेशंट म्हणतो, डॉक्टर, हे तर तुम्ही सगळ्यांनाच सांगता. त्याला कसं समजवायचं की याच्या प्रोस्टेटसाठीही तेच आहे?

भाचा : तिथे माझं रसायन वापरा. तंबाखूच्या प्रत्येक चिमटीने ताठरतेचा वायू खर्च होतो, असं सांगा. ते ऐकून तो तंबाखू सोडायचा विचार तरी करेल.

यात मला बायको दिसत नाही, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. ती दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसलेली असते. घरात ती काय समजते? नवऱ्याचं मन दुसरीकडे गेलं, किंवा आपण नकोशा झालो. पाळणा हलत नसेल तर सोनोग्राफी तिची, उपास तिचे, टोमणे तिला. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या वेळा पुरुषाकडेही काही ना काही कारण असतं. शुक्राणूच्या आवरणात सहज ऑक्सिडाइज होणारी चरबी जास्त असते आणि त्याच्यापाशी दुरुस्तीची सोय फार कमी, त्यामुळे ग्रंथीतल्या सुजेचा फटका त्याला बसू शकतो. जॉन मॅक्लिऑड यांनी ऑक्सिजनचा हा दुष्परिणाम १९४३ मध्येच नोंदला होता. वीर्याची साधी तपासणी काही शे रुपयांत होते. ती तिच्या दहा तपासण्यांच्या आधी व्हायला हवी. आपल्या भाषेत हे बोलायला कुणी अडवलेलं नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, खटले सोसले, आणि स्त्रीच्या सुखाचाही विचार मराठीत मांडला. डॉ. विठ्ठल प्रभू यांनी पुढे साध्या मराठीत कामजीवनावर लिहिलं. तरीही पाचोऱ्याच्या किंवा शिरपूरच्या दवाखान्यात ती बाहेरच बसते.

मामा : माझ्याकडे एक येतो, त्याचं वाक्य मी विसरत नाही. म्हणाला, “मी आते काही कामना नही ऱ्हायनू.” चाळिशीतला, धडधाकट माणूस. याला आयसोप्रोस्टेन सांगू की स्नायू सांगू?

भाचा : दोन्ही सांगा. पण आधी मोजा. एनआयएचची, म्हणजे अमेरिकेच्या त्याच राष्ट्रीय आरोग्य संस्थेची, प्रश्नावली आहे, १९९९ ची, ० ते ४३ गुणांची. दुखण्याला २१, लघवीला १०, जगण्यावरच्या परिणामाला १२. सहा गुण उतरले तर खरोखर फरक पडला समजायचं. क्वेर्सेटिन सहा आठवडे देऊन बघा. सहा गुण उतरले नाहीत तर बंद.

मामा : ही अट मला मान्य आहे. सोबत चालणं, फिजिओथेरपी, साखरेची तपासणी. ती प्रश्नावली मी वापरतो. तिच्यात ताठरतेबद्दल किती प्रश्न आहेत, तू बघितलंस?

भाचा : वीर्यपतनाच्या वेळी किंवा नंतर दुखतं का, एवढा एक आहे.

मामा : तो दुखण्याचा झाला. ताठरतेचा, इच्छेचा, घाईचा एकही नाही. ज्या गोष्टीमुळे तो दाराशी थांबतो ती गोष्ट त्या कागदावर नाही. २००९ मध्ये शॉस्किस आणि निकेल यांनी रुग्णांची सहा अंगांनी विभागणी करायची पद्धत काढली, तिच्यातही सुरुवातीला ती नव्हती. पुढे युरोपातल्या लोकांनी सातवं अंग म्हणून कामजीवन जोडावं असं सुचवलं.

भाचा : मग ताठरतेसाठी पाच प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे, ती जोडा. २५ गुणांची, २१ किंवा त्याहून कमी आले तर ताठरतेचा त्रास धरायचा. मी मराठीत लिहून देतो.

मामा : पुस्तकी मराठीत लिहू नकोस. ‘लिंगताठरता’ वाचून तो कागद परत करेल. आणि कागद त्याच्या हातात द्यायचा नाही. रक्तदाब घेताना मीच विचारेन, सगळ्यात आधी, दुखणं कुठे आहे हे विचारायच्याही आधी.

भाचा : बायको बरोबर असेल तर?

मामा : आधी त्याला एकट्याला. मग त्याची हरकत नसेल तर तिला आत बोलवायचं आणि सुजेचं तिच्यासमोर पुन्हा सांगायचं, तुझ्या त्या सुपरऑक्साइडसकट. तिला कळायला हवं की यात तिचं काही चुकलेलं नाही.

भाचा : आणि वीर्याची तपासणी?

मामा : मूल हवं असेल तर पहिल्याच भेटीत. यावर आपलं एकमत आहे. क्वेर्सेटिनवर अजून नाही.